मधुमेहींच्या हिरड्यांचा दवाखाना : सात महिन्यांच्या उपचारांनंतरचा अभिप्राय

दाताच्या डॉक्टरांकडे गेले की खुर्चीत बसल्या बसल्या ‘आ करा’ असे सांगितले जाते, हा माझा आजवरचा अनुभव. नाशिकमधील या हिरड्यांच्या दवाखान्यात मात्र डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहण्याआधीच विचारले, “काकू, शेवटचं एचबीएवनसी किती होतं, आणि ते कधी केलं होतं?” मी दाताच्या कामासाठी आले आहे, शुगरचे कागद घरी आहेत, असे मी जरा तोऱ्यातच उत्तर दिले. त्यावर त्यांनी मदतनीस मुलीला माझी फाइल बाजूला ठेवायला सांगितली आणि आधी घरी फोन करून साखरेच्या या रक्ततपासणीचा आकडा मागवून घ्यायला लावला. आकडा होता ८.९, तोही दोन महिन्यांपूर्वीचा. तो फाइलच्या पहिल्या पानावर, नावाच्या शेजारी लाल शाईने लिहिला गेला आणि मगच खुर्ची मागे झुकली. या दवाखान्याविषयी मला जे चांगले म्हणायचे आहे, त्यातले बरेचसे या पाच मिनिटांत आले. जे खटकले तेही पुढे लिहिणार आहे. दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा अभिप्राय वाचणारे बहुतेक जण नाशिकचे नसतील आणि त्यांना नावापेक्षा अशा ठिकाणी काय पाहावे, काय विचारावे हे अधिक उपयोगी पडेल.

माझी स्थिती थोडक्यात सांगते. वय ५८, मधुमेह ११ वर्षांपासून, दिवसाला तीन गोळ्या, शिवाय रक्तदाबाची एक. दोन-अडीच वर्षांपासून ब्रश करताना रक्त येत होते आणि पेरूच्या फोडीवर दातांचा लालसर ठसा उमटत होता. खालच्या पुढच्या दातांमध्ये फटी पडू लागल्या होत्या, आणि जवळ बसून बोलताना मी नकळत तोंडावर हात धरू लागले होते. हे सगळे मी अंगावर काढले. ‘पायरिया आहे, वयाप्रमाणे व्हायचाच’ अशी स्वतःची समजूत घालायला आपल्याकडे कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

मी अगदीच हातावर हात धरून बसले होते असे नाही. घराजवळच्या एका दंतवैद्यांकडे दोनदा दात साफ करून घेतले होते. वीस मिनिटांत काम उरकायचे, नंतर हिरड्यांना बोटाने मालिश करा आणि टूथपेस्ट बदला असा सल्ला मिळायचा. मला मधुमेह आहे का, हे तिथे विचारले गेले ते थेट एक दाढ काढण्याच्या दिवशी, आणि तेही फक्त जखम भरण्यापुरते. दुसऱ्या बाजूला, माझे मधुमेहाचे डॉक्टर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगतात, लघवीतील प्रथिने बघतात, पायाच्या तळव्याला बारीक तार टेकवून संवेदना तपासतात. पण ११ वर्षांत त्यांनी कधी ‘हिरड्यांतून रक्त येतं का’ असे विचारले नव्हते. मीही सांगितले नाही, कारण तोंडाचा आणि शुगरचा काही संबंध असेल असे माझ्या डोक्यातच आले नाही. तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांच्या पदरात घालता येणार नाही.

हा संबंध या दवाखान्यात मला जसा समजावून सांगितला गेला, तसा मराठीत इतक्या नीटपणे तोवर कोणी सांगितला नव्हता. त्यामुळे तो इथे जरा विस्ताराने मांडते. डॉक्टरबाईंनी सुरुवात माझ्याच आकड्यापासून केली. एचबीएवनसी म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचे मोजमाप. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. “आता असं बघा काकू, साखर काय फक्त हिमोग्लोबिनलाच चिकटते का? ती शरीरातल्या सगळ्या प्रथिनांना चिकटते. हिरडीतल्यासुद्धा.” साखर दीर्घकाळ चढी राहिली की प्रथिनांशी तिचा संयोग होऊन जी संयुगे तयार होतात, ती हिरडीतही साठतात. त्यांच्यामुळे तिथला दाह वाढतो, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू कमकुवत होतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कामही धड होत नाही. त्यात तोंडाला कोरड पडली की लाळेचे नैसर्गिक धुणे कमी होते. जंतू तर प्रत्येकाच्याच दातांवर असतात. पण मधुमेहीच्या हिरड्या त्यांना तोंड द्यायला कमी पडतात आणि एकदा बिघडल्या की लवकर सावरत नाहीत. मधुमेह असलेल्यांना, त्यातही ज्यांची साखर आटोक्यात नाही त्यांना, हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळतो. अमेरिकेतील ॲरिझोनामधील पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथे वर्षानुवर्षे झालेल्या पाहणीतूनही हेच चित्र पुढे आले. हॅराल्ड लोए या नॉर्वेजियन दंतसंशोधकाने १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटले होते. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाचांच्या पंक्तीला त्यांनी हिरड्यांना बसवले. म्हणजे मला मधुमेह होण्याच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट छापील स्वरूपात उपलब्ध होती, आणि तरीही ती माझ्यापर्यंत पोहोचायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसरी बाजू मला अधिक नवी होती, कारण हा रस्ता दुहेरी आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी खोल फट पडते तिला दवाखान्यात ‘पॉकेट’ म्हणतात. त्या पॉकेटचे आतले अस्तर सोललेले, सतत दाहात असलेले असते. तिथून जंतू आणि दाह वाढवणारी रसायने रक्तात उतरत राहतात. या रसायनांपैकी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ ही नावे डॉक्टरबाईंनी एका कागदावर लिहून दिली. यांच्यामुळे शरीराच्या पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा होतात आणि साखर आणखी चढते. चढलेली साखर पुन्हा हिरड्या बिघडवते. पायाला एवढी जखम वर्षभर वाहत असती तर मी निवांत बसले असते का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

इथे एक टीपही नोंदवते. प्रतीक्षालयातल्या फलकावर ही जखम ‘तळहाताएवढी’ असते असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. मी नंतर वाचून पाहिले, तेव्हा काळजीपूर्वक केलेल्या फेरमोजणीत दाह असलेल्या पृष्ठभागाचा अंदाज ८ ते २० चौरस सेंटिमीटरच्या आसपास निघाला असल्याचे आढळले. एवढी जखमही लहान नाही. मग फुगवून का सांगावी?

आता तपासणी. दवाखान्याची खरी गुणवत्ता मला इथे दिसली. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या मध्ये हलकेच सरकवतात आणि ती किती आत जाते ते मोजतात. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी, बाहेरून तीन आणि आतून तीन. माझे दात २७, म्हणजे १६२ मोजमापे. डॉक्टरबाई एकसुरात आकडे सांगत होत्या, “थ्री, टू, फोर. थ्री, थ्री, फाइव्ह, ब्लीडिंग,” आणि मदतनीस मुलगी समोरच्या तक्त्यात ते भरत होती. जिथे रक्त आले तिथे लाल ठिपका. तीनपर्यंतचे आकडे ठीक, चारपासून पुढे गडबड, असे आधीच सांगितलेले असल्यामुळे मी आढ्याकडे बघत प्रत्येक आकड्याचा अर्थ लावत होते. खालच्या उजव्या दाढेजवळ आवाज क्षणभर थांबला आणि मग “सेव्हन” ऐकू आले. मुलीने मान वर करून विचारले, “सेव्हन ना मॅम?” सळई पुन्हा गेली, पुन्हा सातच. जन्मात इतक्या परीक्षांचे निकाल ऐकले, पण सात या आकड्याने असे पोटात कधी ढवळले नव्हते. शेवटी हिशेब निघाला तो असा की ४६ ठिकाणी पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोली, आणि दर शंभरातल्या ६८ ठिकाणी रक्तस्राव. जबड्याचा पूर्ण एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो पडद्यावर लावून हाड कुठे कुठे खाली बसले आहे ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवले. पूर्वीच्या वीस मिनिटांच्या सफाईत यातले काहीच झाले नव्हते. मोजलेच नव्हते, तर काय सुधारले आणि काय नाही हे कळणार तरी कसे?

माझ्या कागदावर ‘तिसरा टप्पा, क श्रेणी’ असे निदान लिहिले गेले. टप्पा म्हणजे आजवर झालेले नुकसान आणि श्रेणी म्हणजे ते पुढे किती वेगाने वाढण्याची शक्यता आहे, हे मी विचारून घेतले. २०१८ पासून जगभर वापरात आलेल्या या वर्गीकरणात एचबीएवनसी ७ किंवा त्याहून जास्त असेल, तर रुग्ण आपोआप क श्रेणीत जातो. म्हणजे माझी साखर हा केवळ पूर्वेतिहास नव्हता, तो माझ्या दातांच्या निदानाचाच एक भाग होता. पहिल्या भेटीत आकड्यासाठी फोन करायला लावला होता त्याचे कारण इथे कळले.

याच वेळी त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळीचे नावही विचारले. ॲम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी काही लोकांच्या हिरड्या वाढून जाड होतात, असे त्यांनी सांगितले. माझ्या बाबतीत तसे झालेले नव्हते, आणि ‘गोळी मनाने बंद करू नका’ हे त्यांनी दोनदा बजावले. हे बजावणे मला महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे अर्धी माहिती मिळाली की पहिली कुऱ्हाड गोळीवर पडते.

प्रत्यक्ष उपचार म्हणजे हिरडीखालची खोल सफाई. भूल देऊन दाताच्या मुळावर साठलेला कीट खरवडून काढायचा. माझी उजवी बाजू एका दिवशी आणि डावी दुसऱ्या दिवशी असे ठरले. बसण्यापूर्वी प्रत्येक वेळी बोटातून रक्त घेऊन साखर तपासतात. पहिल्याच तारखेला माझी फजिती झाली. दहाची वेळ होती. उशीर होईल म्हणून मी सकाळची गोळी घेतली आणि नाश्ता परतल्यावर करू असे ठरवून निघाले. यंत्रावर ७४ आकडा आला. डॉक्टरबाईंनी काम सुरू करायला साफ नकार दिला, साखरपाणी प्यायला लावले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग बिस्किटे खायला लावून घरी पाठवले आणि चार दिवसांनंतरची तारीख दिली. रिक्षाचे पैसे फुकट गेले म्हणून मी घरी येऊन पुष्कळ कुरकुर केली. भूल दिलेल्या अवस्थेत, बधिर जिभेने, दीड तास आडवे पडलेले असताना साखर उतरली असती तर मला ते सांगताही आले नसते, हे त्या दिवशी लक्षात आले नाही. आज या दवाखान्याला मी जे गुण देते आहे त्यातला मोठा वाटा त्या नकाराचा आहे.

सफाईच्या वेळी दुखले का, असे सगळे विचारतात. भुलेची सुई टोचताना दुखले, नंतर नाही. दातांवर खरवडल्याचा आवाज मात्र कवटीत घुमतो, आणि तो ज्यांना सहन होत नाही त्यांनी मनाची तयारी करून जावे. प्रतिजैविक गोळ्या सरसकट दिल्या नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. खरवडणे हाच मुख्य उपचार आहे, गोळीने कीट निघत नाही, असे स्पष्टीकरण मिळाले. क्लोरहेक्सिडीनचे गुळण्यांचे औषध दोन आठवड्यांपुरतेच दिले. त्याने जिभेची चव जाते आणि चहा पिणाऱ्याच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. माझ्या पडले आणि नंतरच्या भेटीत ते पुसून दिले.

दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात, हा समज आमच्या घरातही पक्का होता. हलणारे दात कित्येकदा कीट आणि सूज यांच्या आधाराने घट्ट भासत असतात. सूज ओसरली की झालेले नुकसान उघडे पडते. हे खरे असले तरी दवाखान्याने ते आधी पुरेसे ठसवायला हवे होते. तिसऱ्या आठवड्यात हिरड्या आक्रसल्या आणि दातांच्या फटी आधीपेक्षा मोठ्या दिसू लागल्या. गार पाण्याचा घोट घेतला की झिणझिण्या येत. मी घाबरून फोन केला, तेव्हा ‘हे तर अपेक्षितच आहे’ असे उत्तर मिळाले. अपेक्षित होते तर संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर इंग्रजीत बारीक अक्षरांत का होते? घरी न्यायची माहितीपत्रकेही सगळी इंग्रजीत आहेत. इतके सुंदर मराठीत समजावणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कागद मात्र परक्या भाषेतले, हे मला खरोखर खटकले. माझ्याबरोबर बसणाऱ्या निम्म्या बायकांना ते वाचता येत नाहीत.

त्या बायकांपैकी सिन्नरकडच्या एका आजींचा प्रसंग आठवतो. पदराच्या गाठीत मशेरीची डबी होती आणि ‘मशेरीनं दात बळकट राहतात’ यावर त्यांचा ठाम विश्वास. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांवर घासायची सवय आपल्या खेडोपाडी, विशेषतः बायकांमध्ये, किती खोल रुजली आहे हे वेगळे सांगायला नको. डॉक्टरबाईंनी आजींना रागावले नाही. त्यांनी आरसा हातात दिला आणि मशेरी जिथे दाबून धरली जाते तिथली हिरडी व शेजारची हिरडी दोन्ही दाखवल्या. मग विचारले, “आजी, दिवसातून चारचं तीन होईल का?” आजी आरशात बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बघते.” यापुढे काय झाले ते मला माहीत नाही, पण तंबाखू आणि मधुमेह ही जोडी हिरड्यांना सर्वांत घातक असते, हे माहीत असूनही माणसाला न दुखावता बोलणारा डॉक्टर विरळा.

घरच्या काळजीचे शिक्षण हा या दवाखान्याचा दुसरा मोठा गुण. दातांच्या फटींमध्ये फिरवायचे बारीक ब्रश असतात, बाटली धुण्याच्या ब्रशसारखे, पण काडीएवढे. माझ्या प्रत्येक फटीत कोणता माप बसतो ते तपासून, पुढच्या दातांना एक आणि दाढांना दुसरा असे दोन रंग ठरवून दिले. मग आरशासमोर मला स्वतःला करायला लावले. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमले. पुढच्या भेटीत एक लाल गोळी चावायला देऊन दातांवर कुठे कुठे थर राहिला आहे ते दाखवले; खालच्या दातांची आतली बाजू माझ्याकडून रोज सुटत होती. चाळीस वर्षे दात घासणाऱ्या बाईला दात घासायला शिकवणे ही काही सोपी गोष्ट नव्हे, माझ्यासारखीला तर नव्हेच.

आता आकडे. नोव्हेंबर-डिसेंबरात सफाई झाली आणि आठ आठवड्यांनी पुन्हा सगळी मोजमापे घेतली. पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल जागा ४६ वरून १५ वर आल्या, आणि रक्तस्राव ६८ वरून १७ टक्क्यांवर. सात आकड्याची दाढ पाचवर आली. दोन दाढांना अजून शस्त्रक्रिया लागू शकते, पण साखर आणखी खाली येईपर्यंत घाई नको, असे डॉक्टरबाईंनी स्वतःहून सांगितले. उत्पन्नाची संधी अशी पुढे ढकलणारे कमी.

मार्चमधले माझे एचबीएवनसी ८.२ निघाले. गोळ्यांत बदल नव्हता. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर जानेवारीपासून मी रोज सकाळी पाऊण तास चालायलाही लागले होते, त्यामुळे ०.७ ची ही घट कोणाच्या खात्यावर टाकायची हे सांगता येणार नाही. दवाखान्याच्या दारावरचा फलक मात्र ‘हिरड्या बऱ्या करा, शुगर पळवा’ असे म्हणतो. हा दावा मला मान्य नाही. संशोधन काय सांगते? वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास आणि सुमारे ३,२०० रुग्ण एकत्र पाहिले गेले. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसीत सरासरी ०.४३ ची घट दिसली, आणि वर्षभरानंतर ती ०.५० च्या घरात होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात, २६४ रुग्णांत, खोलवर आणि सातत्याने उपचार केलेल्या गटाचे एचबीएवनसी वर्षअखेर दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होते. याउलट २०१३ च्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, ५१४ रुग्णांत, सहा महिन्यांनी काहीच फरक आढळला नव्हता. त्यातील रुग्णांच्या हिरड्या पुरेशा सुधारल्याच नव्हत्या, असा त्यावरचा आक्षेप आहे. म्हणजे घट होते, ती एखादी जास्तीची गोळी सुरू केल्यासारखी उपयोगी ठरू शकते. पण तिच्या जोरावर शुगर ‘पळत’ नाही, आणि आहार, व्यायाम, औषध यांपैकी काहीही सुटत नाही. आत बसलेल्या डॉक्टरबाई हे अगदी असेच सांगतात. मग दारावरचा फलक कोणी रंगवला, हे त्यांनाच विचारायला हवे.

खर्चाचे म्हणाल तर तपासणी ५०० रुपये, ओपीजी ६०० आणि सफाईचे चार भाग प्रत्येकी २,००० असे ९,१०० रुपये झाले. पुढे दर तीन महिन्यांच्या देखभालीच्या भेटीला १,२०० रुपये लागतात. माझ्या आरोग्य विम्याने यातला एक रुपयाही दिला नाही. रक्कम लहान नाही, आणि ज्यांना ती झेपणार नाही त्यांनी सरकारी दंत महाविद्यालयातील हिरड्यांच्या विभागात जावे; तिथे वेळ जास्त लागतो, पण सळईने मोजण्याची पद्धत तीच असते. स्वागतकक्षातल्या तरुणाने मला पाण्याच्या फवाऱ्याचे साडेचार हजारांचे यंत्र विकण्याचा प्रत्येक भेटीत प्रयत्न केला. डॉक्टरबाईंना विचारल्यावर ‘तुम्हाला ब्रश जमतात, यंत्राची गरज नाही’ असे सरळ उत्तर मिळाले. आत आणि बाहेर अशा दोन भाषा एकाच दवाखान्यात बोलल्या जाऊ नयेत.

गैरसोयी आणखीही आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तो उभा जिना अवघड आहे. वेळ दिलेली असूनही दोनदा मला ५० मिनिटे बसावे लागले. इतर दवाखान्यांत हे खपून जाते, पण ज्यांचे जेवण आणि गोळी घड्याळाला बांधलेली आहे अशा रुग्णांचाच हा दवाखाना असताना उशिराचा फोन आधी करायला हवा.

सर्वांत शेवटी जे सांगायचे ते एका पत्राविषयी. उपचार संपल्यावर डॉक्टरबाईंनी माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या नावे एक पानी पत्र दिले. त्यात आधीची व नंतरची मोजमापे, रक्तस्रावाचे प्रमाण, पुढच्या तपासणीची तारीख आणि एचबीएवनसीची प्रत पाठवण्याची विनंती होती. ब्रिटनमध्ये २०२२ पासून मधुमेहींच्या नियमित तपासणीत तोंडाच्या तपासणीची आठवण करून द्यावी अशी अधिकृत शिफारस आहे. आपल्याकडे हे काम सध्या अशा एखाद्या पत्रावरच भागते. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिला आहे, आणि त्यांतल्या किती जणांच्या हातात असे पत्र पडत असेल? माझ्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. मग खिशातला मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि ११ वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, “बघू, आ करा.”

पाचपैकी चार गुण. जाणार असाल तर नाश्ता करून, गोळी घेऊन, शेवटचे एचबीएवनसी आणि सगळ्या औषधांची यादी बरोबर घेऊन जा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा, आणि संमतीपत्राचे तिसरे पान मराठीत वाचून दाखवा असा आग्रह धरा. मी धरला तेव्हा त्यांनी तो मानला.